बाहेरून दिलेला घाम

नोकरीत मला सर्वांत जास्त सहवास लाभला तो वामनरावांचा. वजन सत्तर किलो, वय ऐन तारुण्यातलं, प्रकृती निकोप आणि बोलणं अजिबात नाही. मी त्यांना वैशाखाच्या उन्हात बसवलं, बर्फात उभं केलं, काचा लावलेल्या मोटारीत कोंडलं. त्यांनी कधी तक्रार केली नाही, कारण वामनराव माणूस नव्हते. संगणकात लिहिलेलं ते एक गणित होतं. माणसाचं शरीर निरनिराळ्या हवेत आपलं तापमान कसं सांभाळतं, त्याचं गणित. परदेशी ग्रंथांत या कल्पित देहाला 'प्रमाण पुरुष' असं भारदस्त नाव आहे. आमच्या कंपनीचे मालक लेलेसाहेब म्हणाले, "नुसता पुरुष काय म्हणायचं? शेजाऱ्यांना काय वाटेल." म्हणून वामनराव.

कंपनी सुरू झाली तेव्हा ती बुधवार पेठेत, रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानाच्या वरच्या खोलीत होती. लेलेसाहेब, मी आणि एक संगणक. बाजारपेठ नुकती खुली झाली होती. परदेशी मोटार कंपन्या भारतात येऊ लागल्या होत्या आणि त्यांच्या मोटारींचे एसी त्यांच्याकडच्या उन्हाळ्यासाठी बेतलेले होते. इथल्या मे महिन्यात आतल्या माणसाचं काय होईल हे आधी कळावं, म्हणून त्यांना आमची गरज लागली. पुढे इमारती बांधणारे आले, कामगारांचे गणवेश शिवणारे आले. आम्हीही पेठेतून उठून नगर रोडवरच्या एका काचेच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर गेलो.

हे काम घरच्यांना समजावून सांगणं मोठं कठीण. माझी आई वर्ध्याला असे. तिने एकदा मला नीट विचारून घेतलं, मीही नीट सांगितलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "इतकं शिकून तू घामच मोजतं काय रे?" त्याहून सोपी व्याख्या मला नंतरही सुचली नाही.

तरी थोडं सांगतो. आपण नुसते बसून असलो तरी शरीर उष्णता तयार करत असतं, जुना शंभराचा पिवळा बल्ब जेवढी देई साधारण तेवढी. ती सतत बाहेर जावी लागते. गेली नाही तर माणूस तापतो, जास्त गेली तर गारठतो. यासाठी शरीराकडे मुख्यत्वे तीन उपाय आहेत. कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंद किंवा अरुंद करणं, घाम सोडणं आणि कुडकुडणं. यातला घाम सगळ्यांत गुणी. पण घाम आल्याने गारवा येत नाही, तो वाळल्याने येतो. ओघळून खाली पडलेला घाम फुकट गेला. म्हणून वर्ध्याच्या कोरड्या उन्हात माणूस तग धरतो आणि मुंबईत पंखा नसला की जीव नकोसा होतो. आम्ही काय करायचो, तर शरीराचे भाग पाडायचो. डोकं, छाती, पोट, हात, पंजे, पाय, पावलं. प्रत्येक भागाला कांद्यासारखे थर, आणि सगळ्यांतून फिरणारं रक्त. मेंदू कुठल्या भागाला कधी काय हुकूम देतो ते समीकरणांत लिहायचं, हवा कशी आहे ते भरायचं आणि वामनरावांना त्या हवेत सोडून द्यायचं. संध्याकाळी गणित लावून घरी जायचं, सकाळी उत्तर तयार.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. बनियन तयार करणारे एक गृहस्थ आमच्याकडे येऊन बसले. त्यांचं बनियन घातल्यावर उघड्या अंगापेक्षा गार वाटतं, असं त्यांना लिहून हवं होतं. गणित तसं म्हणेना. ते रोज येत, चहा पीत आणि आकडे थोडे सरकवता येतील का, असं अदबीने विचारत. शेवटी लेलेसाहेबांनी त्यांना सांगितलं, "अहो, आमच्या वामनरावांना बनियनचं वावडंच आहे. तुम्ही दुसरा पुरुष बघा." दुसऱ्या एका परदेशी कंपनीने आमचा अहवाल परत पाठवला. विदर्भातल्या रस्त्यावर मे महिन्यात काम करणाऱ्या मजुराचं ते गणित होतं. इतक्या उन्हात माणूस काम करत राहणं शक्य नाही, तुमची काहीतरी चूक होते आहे, असं त्यांचं म्हणणं. मी उत्तरात शास्त्र लिहिलं, उन्हाला सरावलेल्या शरीराला घाम लवकर आणि जास्त येतो वगैरे. खाली एक ओळ जोडली की मी त्याच भागात जन्मलो आहे आणि अजून जिवंत आहे. पुढचं काम त्यांनी मुकाट्याने दिलं.

या गमती मी चारचौघांत सांगतो तेव्हा लोक हसतात. पण काम मुळात एकट्याचं होतं. आजूबाजूला संगणकवाल्यांची गजबज, अमेरिकेची तिकिटं, लग्नं, बारशी, नवे फ्लॅट. मी वारज्याला एका खोलीत राहत असे. तेव्हा वारजं म्हणजे गावाचं टोक. सकाळी सगळं शहर ओलांडून नगर रोडला जायचं, दिवसभर एका न बोलणाऱ्या माणसाला ऊन-थंडी दाखवायची आणि परत सगळं शहर ओलांडून यायचं. लग्नाचं बोलणं आई असेपर्यंत निघत राहिलं, जमलं नाही. ती गेल्यावर ते काढणारंही कुणी उरलं नाही. रविवारी कधीकधी माझ्या लक्षात येई, शुक्रवारपासून आपण दुकानदाराखेरीज कुणाशी बोललेलो नाही.

त्या दिवसांतच शैलाची ओळख झाली.

एप्रिलमधली दुपार होती. इमारतीची वीज गेली. जनरेटर सुरू झाला, पण एसीचा भार त्याला पेलेना. लिफ्टही बंद पडल्या. काचेची इमारत उन्हात किती भराभर तापते हे मला कागदावर ठाऊक होतं, त्या दिवशी अंगावर घेतलं. सगळे जिन्याने खाली निघाले. मीही निघालो. दुसऱ्या मजल्यावर टेलिफोनवरून ग्राहकांच्या तक्रारी सोडवणारी एक कंपनी होती. तिच्या दारात चाकांच्या खुर्चीवर एक तरुण बाई बसली होती आणि दोन मुली तिला फायलींनी वारा घालत होत्या. लिफ्ट नाही म्हणून ती वरच अडकलेली. चेहरा लालबुंद, कपाळावर घामाचे थेंब, मान कलत होती. मुली म्हणत होत्या की ताप भरलाय, गोळी द्या.

माझं लक्ष मात्र तिच्या कपड्यांकडे गेलं. आम्हा सगळ्यांचे कपडे अंगाला चिकटले होते. तिचा कुडता खांद्यावर भिजलेला आणि छातीच्या खाली कोरडा ठणठणीत होता.

अनोळखी बाईशी पहिलं वाक्य काय बोलावं याचे काही संकेत असतात. मी विचारलं, "तुम्हाला छातीखाली घाम येत नाही का?"

तिने जड डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "नाही येत. तुम्ही डॉक्टर का?"

"नाही. मी घामाचंच काम करतो."

पाठीचा कणा वर दुखावला की त्याच्या खाली मेंदूचे हुकूम पोचत नाहीत, हे मी वाचलं होतं. पाय हलत नाहीत ते लोकांना दिसतं. त्या भागाला घामही येत नाही, रक्तवाहिन्याही हुकूम ऐकत नाहीत, हे दिसत नाही. म्हणजे बाहेर चाळीस अंश असताना ती जेमतेम एक तृतीयांश अंगाने घाम गाळत होती. हा ताप नव्हता. बाहेर न गेलेली उष्णता होती, आणि तापाच्या गोळीचा तिथे काही उपयोग नव्हता. मी मुलींकडून पिण्याच्या पाण्याचे कॅन मागवले. तिची ओढणी भिजवून पायांवर पसरली, मनगटं पाण्यात बुडवायला लावली, कपडे ओले केले आणि मोठ्या पुठ्ठ्याने वारा घालायला लावला. तिचं शरीर जो घाम देत नव्हतं तो आम्ही बाहेरून दिला. थोड्या वेळाने तिचे डोळे निवळले. मग पहारेकऱ्यांनी खुर्चीसकट तिला उचलून खाली नेलं.

ती वाघोलीची. शेतकरी घरातली. वडिलांनी, सगळे त्यांना तात्या म्हणत, एका कॉलेजला जमीन विकून त्या पैशांत बंगला बांधायला घेतला होता. त्या अर्धवट बंगल्याच्या कठडा नसलेल्या जिन्यावरून शैला पडली. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. पुढे तिने खुर्चीवरून परीक्षा दिली, इंग्रजी सुधारलं आणि ही नोकरी मिळवली. तात्या रोज मोटारीने तिला सोडत आणि संध्याकाळी न्यायला येत.

त्या दुपारनंतर काही दिवसांनी लिफ्टने ती आमच्या मजल्यावर आली. तिच्या मॅनेजरने गोड शब्दांत सांगितलं होतं की आम्हाला तुमची काळजी वाटते, उन्हाळा संपेपर्यंत घरीच राहा, नंतर बघू. हे नंतर बघू म्हणजे काय ते तिला कळत होतं. तिने माझ्या टेबलासमोर खुर्ची लावली आणि विचारलं, तुमच्या संगणकात म्हणे एक माणूस आहे, त्याला कुठेही बसवून काय होईल ते सांगता. तसं माझं सांगता येईल का? मी कुठे बसू शकते आणि कुठे नाही, हे मॅनेजरने ठरवण्याऐवजी गणिताने ठरवू दे.

मी लेलेसाहेबांना विचारलं. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "वानखेडे, वामनराव काही झालं तरी कोर्टात जात नाहीत. ही बाई जाऊ शकते. डॉक्टर बसवा आणि करा."

आमच्याकडे चाचणीची एक छोटी खोली होती, हवी तेवढी तापवता किंवा गार करता येणारी. शनिवारी इमारत रिकामी असे. शैला येई, जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई येत, तात्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसत. तापमान मोजायच्या बारीक तारा डॉक्टरीणबाई तिच्या अंगावर चिकटवत आणि मी काचेपलीकडून आकडे बघत असे. दर थोड्या वेळाने कसं वाटतं आहे ते विचारायचं, अशी पद्धत असते. गार, ठीक, गरम, यांतलं एक उत्तर अपेक्षित. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "कुठल्या अर्ध्याला विचारताय?"

या प्रश्नाने माझी बरीच वर्षांची समीकरणं बाजूला पडली. तिच्या पायांना उष्ण-थंड कळतच नव्हतं. टाचेवर भाजल्याचा जुना व्रण होता. घरच्यांनी मायेने थंडीत पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवली होती, ती फार गरम होती आणि सकाळपर्यंत कुणाला कळलं नाही, तिलाही नाही. मी वामनरावांची एक नवी प्रत काढली. छातीखालचे सगळे हुकूम तोडले. मग प्रत्येक शनिवारी जे मोजलं ते भरत गेलो. तिचं वजन, तिची उंची, खुर्ची ढकलून मजबूत झालेले तिचे दंड, हवेतली उष्णता साठवत राहणारे तिचे पाय. या देहाला मी नाव ठेवलं नाही. ते आधीच होतं.

तात्या बाहेर बसून सगळं ऐकत. एकदा मी चहा घेऊन त्यांच्याजवळ बसलो. म्हणाले, "सायेब, डागदर म्हनले हिला घाम येत न्हाई त्याला विलाज न्हाई. तुमी काय विलाज काढताय?" मी सांगितलं, इलाज नाही, फक्त किती चालेल आणि किती नाही याची मर्यादा काढतो आहे. त्यांनी मान हलवली. "मर्यादा कळली तरी पुष्कळ हाय," म्हणाले.

निघालेलं उत्तर ऐकायला साधं आहे. एसी बंद पडला तरी अंगावर पाण्याचा फवारा आणि समोर पंखा असेल तर शैला वामनरावांइतकीच टिकते. बसायची जागा पश्चिमेच्या काचेपाशी नको आणि एसीच्या थेट झोताखाली नको. लिफ्ट बंद पडू शकते म्हणून तळमजला. आम्ही मॅनेजरला बोलावून तापलेल्या खोलीत हे प्रत्यक्ष दाखवलं. शैला आत, हातात इस्त्रीवाल्याकडे असते तशी फवारणीची बाटली, शेजारी बॅटरीवरचा पंखा. डॉक्टरीणबाई तोंडातलं तापमान मोजून मोठ्याने सांगत होत्या. मॅनेजर स्वतः घामाघूम होऊन आधी बाहेर आला. तिला तळमजल्यावर जागा मिळाली, नोकरी राहिली. लेलेसाहेब म्हणाले, "एवढ्या गणितातून शेवटी बाटली निघाली. असो, निघाली तरी." त्यांच्या तोंडून याहून मोठी शाबासकी मी कधी ऐकली नाही.

काम संपलं, पण ती वर येत राहिली. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन येई. मीही वाट बघू लागलो. ती ग्राहकांचे किस्से सांगे, मी बनियनवाल्याचा सांगितला. तिच्या घरात आजी, आई, काकू, वहिनी, भाऊ आणि तात्या. सगळी जीव लावणारी. ती एकदा म्हणाली, मी झोपेत कूस बदलली तरी कुणीतरी उठून बसतं; पडल्यापासून दिवसातला एक तास मी एकटी राहिलेली नाही. मी तिला माझ्या वारज्याच्या खोलीबद्दल सांगितलं. तिथे कुलूप उघडताना होणारा आवाज, आपणच दिवा लावणं, दुपारचं उरलेलं तसंच खाणं. मी ते दुःखाचं म्हणून सांगत होतो. ती मात्र गोष्ट ऐकावी तशी डोळे मोठे करून ऐकत होती. स्वतःच दिवा लावायचा, हे तिने दोनदा विचारून घेतलं.

माझ्याजवळ जे नकोसं वाटण्याइतकं होतं, तेच तिला हवं होतं.

पुढचा उन्हाळा संपता संपता तिने मला काम सांगितलं. तिची कंपनी आता बऱ्याच शहरांत होती, बदली मागता येणार होती. कुठल्या गावात ती वर्षभर, फवारा मारायला, पायांवर पांघरूण टाकायला कुणी नसताना, एकटी राहू शकेल, ते मी काढून द्यावं. तुमच्याकडे सगळ्या गावांचं हवामान आहे आणि मीही आहे तुमच्या संगणकात, म्हणाली.

मी कामाला लागलो. नागपूर घ्यायचं कारणच नव्हतं. दिल्लीचा उन्हाळाही नको आणि हिवाळाही. मुंबई, चेन्नईच्या दमट हवेत फवारलेलं पाणी वाळत नाही, म्हणजे बाटली निकामी. पुणं पुष्कळ बरं, पण एप्रिल-मेमधल्या काही दुपारी आणि डिसेंबरातल्या काही पहाटे कुणीतरी जवळ हवं. उरलं बंगलोर. तिथल्या वर्षभराच्या हवेत तिच्या तापमानाची रेघ धोक्याच्या खुणेपासून सदोदित दूर राहिली. ती रेघ इतकी शांत होती की मी पुन्हापुन्हा तपासली. चूक सापडली असती तर मला बरं वाटलं असतं. पण गणित माझं होतं आणि चांगलं केलेलं होतं.

संध्याकाळी कँटीनमध्ये ती वाट बघत होती. कँटीन रिकामं होत आलं होतं. मी समोर बसलो आणि गावाचं नाव सांगायच्या आधी, आपण लग्न करू या का, असं विचारलं. कसं विचारलं ते शब्द आता आठवत नाहीत. पुण्यातही जमेल, मी जवळ असेन, असं काहीतरी म्हणालो असेन.

तिने समोरचा कप बाजूला सारला. मग म्हणाली, "आधी गाव सांगा."

"बंगलोर."

तिने डोळे मिटून घेतले. ते समाधान होतं की भीती, मला ओळखता आलं नाही. मग ती सावकाश बोलली. "तुम्ही चांगले आहात वानखेडे. पण तुम्ही जन्मभर माझ्याकडे बघत बसाल. मला गरम होतंय का, गार होतंय का, ते. मला कुणी बघत नसताना राहून बघायचंय."

मी म्हणालो, ठीक आहे. यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. ती म्हणत होती ते बरोबर होतं, मी बघतच बसलो असतो. आकड्यांचे कागद मी तिच्याकडे दिले. बाहेर तात्या मोटार घेऊन उभे होते.

दुसऱ्या दिवशी तात्या एकटेच माझ्याकडे आले. टोपी हातात धरून उभे राहिले, बसायला तयार नव्हते. "तुमी तिला गाव काढून दिलं म्हनं," म्हणाले. मी हो म्हणालो. "आमी समदी हाय की घरात. तिला काय कमी हाय?" ते रागावले असते तर सोपं गेलं असतं. मग त्यांनी विचारलं, जमेल का तिला. मी म्हणालो, गणिताने जमेल.

"गनिताचं ऱ्हाऊ द्या. तुमाला काय वाटतं?"

"जमेल, तात्या."

त्यांनी टोपी घातली आणि गेले. पुढच्या महिन्यात तेच तिला मोटारीने बंगलोरला घेऊन गेले. काही दिवस राहिले, मग तिने त्यांना परत पाठवलं, असं ऐकलं.

काम चालू राहिलं. परदेशी कंपन्यांना आता एकट्या वामनरावांवर भागेना. बायका हव्या होत्या, म्हातारी माणसं, लहान मुलं. शैलाची फोनवर परवानगी घेऊन तिचा देहही आम्ही त्यांत दिला, नावाशिवाय. सगळ्यांचे आकडे अनेक माणसांच्या सरासरीचे होते. तेवढा एकच देह असा होता की ज्याचा प्रत्येक आकडा एका जिवंत माणसाचा होता. गिऱ्हाइकांना ते ठाऊक नसे. मी त्या देहाचं गणित लावी तेव्हा हवा निवडताना हात थोडा आखडे.

काही वर्षांनी कामानिमित्त बंगलोरला गेलो आणि तिला फोन केला. तिने संध्याकाळी चहाला बोलावलं. तळमजल्यावरचा छोटा फ्लॅट, ओटा तिच्या उंचीचा करून घेतलेला. तिने चहा केला. आधण उतू जाईल असं वाटलं तेव्हा मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिलो. उतू गेलं नाही. शेजारची एक बाई कोथिंबीर द्यायला आली, दोघी दारात उभ्या-बसल्या कानडीत बोलत राहिल्या, हसल्या. मला एक अक्षर कळलं नाही. बाहेर अंधारून आलं, हवा गार झाली. मला थंडी वाजू लागली होती. तिला ती पायांना कळणार नव्हती. तिने भिंतीवरच्या तापमापकाकडे पाहिलं, खिडकी लावली, वाकून पावलांना हाताची पाठ लावली आणि लोकरीचे मोजे चढवले. हे सगळं बोलता बोलता, दिवा लावावा तितक्या सहज. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बघताय."

"नाही," मी म्हणालो.

ती हसली. तिची रात्रपाळी सुरू व्हायची होती, तेव्हा मी निघालो. रिक्षात बसल्यावर मला आनंद झाला होता, हे खरं. माझ्या सगळ्या नोकरीत इतकं बिनचूक उत्तर दुसरं निघालं नव्हतं, आणि ते आता माझ्याशिवाय चालत होतं. हॉटेलवर परत आल्यावर मी खोलीतला दिवा लावला आणि बराच वेळ कपडे न बदलता बसलो.

आता सगळंच मागे पडलं. लेलेसाहेब गेले. कंपनी एका मोठ्या परदेशी कंपनीने विकत घेतली, वामनरावांसकट. निवृत्तीच्या दिवशी मी माझा संगणक परत केला. आज एखादं गणित मनात आलं तरी लावायला माझ्याजवळ काही नाही. नव्या मुलांना मी भेटलो, हुशार आहेत. मी रात्रभर लावत असे ते उत्तर त्यांना चहा गार व्हायच्या आत मिळतं. वारजं आता गावाचं टोक राहिलेलं नाही, माझ्या खोलीचा फ्लॅट झाला आहे, चहूबाजूंना उंच इमारती आहेत आणि उन्हाळ्यात त्या संध्याकाळपर्यंत तापलेल्या राहतात.

म्हातारपणी शरीर हुकूम उशिरा ऐकतं. घाम उशिरा येतो, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे तहान कळत नाही. पाणी हवं असतं आणि माणसाला वाटतं, नको आहे. उन्हाळ्यात एकटी राहणारी म्हातारी माणसं दगावतात त्यात हे एक मोठं कारण असतं. हे सगळं मला पाठ आहे, पण पाठ असल्याने तहान लागत नाही.

मे महिन्यात दुपारी शैलाचा फोन येतो. तिचेही केस आता पांढरे झाले असतील. तात्या गेले, तिने बंगलोर सोडलं नाही. ती फार बोलत नाही. पुण्यात आज किती आहे, पंखा चालू आहे का, एवढं विचारते. मग विचारते, "पाणी प्यायलात का?"

"प्यायलो," असं मी सांगतो. फोन ठेवतो, आणि उठून पाणी पितो.